हॅमिल्टन ग्रेंज, न्यूयॉर्क : दोनदा जागा बदललेलं घर

न्यूयॉर्क बघायला येणाऱ्या आपल्या मंडळींची यादी ठरलेली असते. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, एम्पायर स्टेट, ब्रुकलिनचा पूल. मुलीकडे जर्सी सिटीला पहिल्यांदा आलो तेव्हा मीही हेच सगळं केलं. या खेपेला मात्र तिला आल्या आल्याच सांगून ठेवलं की मला एक घर बघायचंय. हार्लेममध्ये आहे, लाकडी आहे आणि जागेवरून दोनदा हललंय.

घर आहे अलेक्झांडर हॅमिल्टनचं. दहा डॉलरच्या नोटेवर चेहरा आहे तोच हा माणूस, अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री. १८०२ साली त्याने हे घर बांधून घेतलं. स्कॉटलंडमधल्या आजोळच्या नव्हे, वडिलांकडच्या आजोबांच्या इस्टेटीचं नाव त्याला दिलं, ग्रेंज. आता ते राष्ट्रीय स्मारक आहे आणि तिथे जायला तिकीट नाही. फुकट आहे म्हणून धावतपळत उरकायची जागा मात्र नाही. मी अडीच तास होतो आणि मला ते कमी पडले.

मला या घराची एवढी ओढ का, ते आधी सांगतो, म्हणजे पुढे मी जे लिहिणार आहे ते कुठल्या नजरेने लिहितोय हे कळेल. आमचं घर धोम धरणात गेलं. मी तेव्हा सातवीत होतो. पाणी चढायच्या आधी गावातल्या प्रत्येकाने आपापलं घर उतरवलं. आधी कौलं, मग वासे, मग आढं, मग तुळया आणि शेवटी खांब. आमच्या वडिलांनी सुताराला बसवून प्रत्येक लाकडावर पटाशीने खाचा मारून घेतल्या होत्या. पहिल्या खणाला एक खाच, दुसऱ्याला दोन, असं. बैलगाड्यांतून ते सगळं नव्या गावठाणात आणलं आणि तिथे पुन्हा उभं केलं. मातीच्या भिंती, जोतं आणि परसातला आड तिथेच राहिला. त्यामुळे कुणी म्हणालं की अमुक ठिकाणी एक अख्खं घर उचलून दुसरीकडे ठेवलंय, तर माझा पाय तिकडे वळणारच. पुढे नोकरीही बांधकाम खात्यात झाली, आणि घर कसं उभं राहतं आणि कसं बसतं याचाच हिशेब आयुष्यभर केला.

जर्सी सिटीहून जाणं सोपं आहे. पाथ गाडीने तेहतिसाव्या रस्त्यावर उतरायचं, तिथून डी गाडी पकडून १४५व्या रस्त्यापर्यंत. वर आलात की सेंट निकोलस अव्हेन्यू. दक्षिणेला चार रस्ते चालत या आणि १४१व्या रस्त्याने चढ चढा. चढ चांगलाच आहे. गुडघे दुखत असतील तर दम खात चढा, काही घाई नाही. सोमवारी जावं की रविवारी, किती वाजता आत सोडतात, हे निघायच्या आधी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर बघून घ्या, कारण वेळा बदलत असतात.

चढ संपत आला की उजेडाच्या तुकड्यासारखं ते फिक्या पिवळ्या रंगाचं घर एकदम समोर येतं. दोन्ही बाजूंना जुन्या तपकिरी दगडाच्या चाळीसारख्या एकमेकींना खेटलेल्या घरांच्या रांगा, मागे सेंट निकोलस पार्कची झाडी, आणि मध्ये हे चारी बाजूंनी मोकळं, पांढऱ्या कठड्यांच्या व्हरांड्यांचं घर. फार मोठं नाही. 'हवेली' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्याच्या निम्मं. जॉन मॅककॉम्ब ज्युनिअर हा त्याचा आराखडा करणारा. न्यूयॉर्कच्या सिटी हॉलच्या आराखड्यातही त्याचा हात आहे. पण इथे त्याने दिखाऊ काही केलेलं नाही. उंची, रुंदी, खिडक्यांची मापं, सगळं एकमेकांना धरून आहे. माझ्यासारख्याला ते बघूनच बरं वाटतं.

खालच्या मजल्यावर माहितीचं दालन आहे आणि एक छोटी चित्रफीत दाखवतात. ती चुकवू नका. बरीच मंडळी सरळ वर खोल्या बघायला जातात आणि मग 'एवढंच?' म्हणत खाली येतात. माझं सांगणं असं की आधी खाली अर्धा तास काढा. घर कुठून कुठे आणि का गेलं हे डोक्यात बसलं की वरच्या खोल्या वेगळ्या दिसतात.

ती हकीकत अशी. हॅमिल्टनने घर बांधलं तेव्हा इथे शहर नव्हतं. शहर पार खाली, बेटाच्या दक्षिण टोकाला. इथे त्याची ३२ एकरांची जमीन, टेकडी, आणि घरातून एका बाजूला हडसन तर दुसऱ्या बाजूला हार्लेम नदी दिसायची. १८११ साली मॅनहॅटनच्या रस्त्यांची जाळी कागदावर आखली गेली आणि कागदावरच १४३वा रस्ता या घराच्या अंगावरून गेला. प्रत्यक्षात शहर इथवर पोचायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं गेली. १८८९ मध्ये जमिनीचे तुकडे पडून विकले जात होते, तेव्हा सेंट ल्यूक चर्चने हे घर घेतलं आणि तिथून जवळच कॉन्व्हेंट अव्हेन्यूवर हलवलं. नवं चर्च बांधून होईपर्यंत प्रार्थना याच घरात होत. घर वाचलं खरं, पण ते नव्या जागेत बसवताना त्याचे व्हरांडे काढले, दर्शनी दरवाजा गेला, जिना फिरवला. नंतर एका बाजूला चर्चची दगडी इमारत आणि दुसऱ्या बाजूला सहा मजली चाळवजा इमारत उभी राहिली आणि हे घर त्या दोघांच्या मध्ये चेपलं गेलं. त्या काळातले फोटो खाली लावलेत. एका फोटोपुढे मी बराच वेळ उभा होतो. चर्चच्या कमानीचा दगड घराच्या लाकडी भिंतीच्या इतका जवळ आलाय की मध्ये माणूस धड उभा राहू शकला नसता.

१९२४ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या एका संस्थेने ते विकत घेतलं, १९३३ पासून लोकांना दाखवायला लागले. १९६२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ते राष्ट्रीय स्मारक ठरवलं आणि त्या कायद्यातच असं धरलं होतं की घर मोकळ्या, साजेशा जागी हलवायचं. ते प्रत्यक्षात व्हायला २००८ साल उजाडलं. शेहेचाळीस वर्षं! सरकारी कामाची गती मला ठाऊक आहे, त्यामुळे मी त्याला नावं ठेवणार नाही. मी त्याकडे असं बघतो की शेहेचाळीस वर्षं कुणी ना कुणी ती फाइल जिवंत ठेवली. एकाही पिढीने ती कपाटात कायमची टाकली असती तर आज मी त्या चढावर आलो नसतो.

आता ते २००८ चं हलवणं. माझ्या लेखी ही भेट त्यासाठीच आहे.

अडचण अशी होती की घराच्या पुढ्यात चर्चची दगडी ओसरी आली होती. घर सरळ रस्त्यावर काढायला वाटच नव्हती. दोन पर्याय. एक आमच्यासारखा, सगळं सुटं करून नव्या जागी जोडायचं. दुसरा, घर अख्खं ठेवून त्या ओसरीच्या वरून काढायचं. त्यांनी दुसरा निवडला. पेनसिल्व्हेनियाच्या वोल्फ कंपनीने, जिचा धंदाच इमारती हलवण्याचा आहे, घराच्या पायाखालून पोलादी तुळया आरपार घातल्या आणि जॅक लावले. जॅकने घर थोडं उचललं की खाली लाकडी ठोकळ्यांचा आडवा-उभा थर रचायचा, जॅक त्या थरावर घ्यायचे, पुन्हा थोडं उचलायचं. असं करत करत सुमारे ३०० टनांचं घर जवळजवळ ४० फूट वर नेलं. म्हणजे आपल्याकडच्या चार मजली इमारतीच्या गच्चीइतकं. मग त्या उंचीवर ते आडवं सरकवून ओसरीच्या डोक्यावरून रस्त्यावर आणलं आणि तसंच ठोकळा-ठोकळा काढत खाली उतरवलं.

ज्याने कधी जॅक लावलाय त्याला यातली मेख कळेल. जड वस्तू उचलणं अवघड नाही. सगळे कोपरे एकाच वेळी, सारखे वर जाणं अवघड आहे. एक कोपरा बोटभर मागे राहिला तरी दाराची चौकट तिरकी होते, गिलाव्याला चीर जाते, जुन्या सांध्यातली खुंटी पिळवटते. दोनशे वर्षांचं लाकूड वाकत नाही, ते तडकतं. खालच्या दालनात त्या ठोकळ्यांच्या मनोऱ्यावर चढलेल्या घराचा फोटो आहे. खिडक्यांच्या काचांमागे आकाश दिसतंय आणि खाली रस्त्यावर माणसं मान वर करून उभी आहेत. माझी नात म्हणाली, "आजोबा, हे घर झाडावर बसल्यासारखं दिसतंय." मी तिला त्या ठोकळ्यांचे थर मोजायला लावले. तिने मधेच सोडून दिले, मी पुरे मोजले.

७ जून २००८ ला, शनिवारी, चाकांच्या गाड्यांवर ठेवून ते कॉन्व्हेंट अव्हेन्यूवरून, मग १४१व्या रस्त्याच्या उतारावरून या बागेत आणलं. अंतर म्हणाल तर जेमतेम ५०० फूट. आम्ही जो चढ दम खात चढलो, त्याच रस्त्याच्या वरच्या भागात ते घर उतरत होतं. उतारावर जड गाडी नेणं हे चढावर नेण्यापेक्षा जास्त जिवावरचं काम असतं, हे कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. मग तीन वर्षं दुरुस्ती चालली. व्हरांडे पुन्हा बांधले, जिना मूळ जागी आणला, दर्शनी दार परत आलं आणि सप्टेंबर २०११ मध्ये घर पुन्हा उघडलं.

वर दिवाणखाना, जेवणाची खोली आणि हॅमिल्टनची अभ्यासिका बघायला मिळते. त्याच्या वरचा मजला दाखवत नाहीत. सामान काही खरं, काही त्या काळच्या वस्तूंवरून हुबेहूब केलेलं. वॉशिंग्टनने हॅमिल्टनला दिलेल्या बाटल्या थंड ठेवायच्या, चांदीचा मुलामा दिलेल्या भांड्याची नक्कल आहे. अभ्यासिका गडद हिरवी, लहानशी, एका माणसाला पुरेल एवढीच. पण खरी कमाल आहे ती दोन अष्टकोनी खोल्यांची. दिवाणखाना आणि जेवणघर एकाला एक लागून, दोन्ही आठ कोनांचे, आणि दोन्हींच्या उंच खिडक्या थेट व्हरांड्यात उघडणाऱ्या. जेवणघरात खिडक्यांच्या समोरच्या दारांना आरसे बसवलेत. त्यामुळे खिडकीकडे पाठ करून बसलेल्यालाही बाहेरची झाडं दिसतात. मी मुद्दाम पाठ करून उभा राहिलो आणि आरशात पानं हलताना बघितली. मूळ जागी याच आरशांत नदी दिसत असेल.

दिवाणखान्यात एक जुना पियानो आहे. हॅमिल्टनची मुलगी अँजेलिका तो वाजवायची, तिचाच तो. तिच्या मावशीने लंडनहून आणवलेला. १८०१ मध्ये तिचा थोरला भाऊ फिलिप द्वंद्वात मारला गेला आणि त्या धक्क्यातून ती पोर कधीच सावरली नाही. तीन वर्षांनी, ११ जुलै १८०४ ला, बापही तसाच द्वंद्वात गोळी लागून पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. ते द्वंद्व झालं हडसनच्या पलीकडे वीहॉकनला. माझी मुलगी राहते त्याच किनाऱ्यावर थोडं वर. या घरात त्याला जेमतेम दोन वर्षं राहायला मिळालं. बायको एलायझा मात्र नंतर पन्नास वर्षं जगली. कर्ज होतं, पदरी मुलं होती, तरी तिने १८३३ पर्यंत हे घर सोडलं नाही. लोकांना हॅमिल्टनचं घर म्हणून ठाऊक आहे, पण त्या खोल्यांतून फिरताना मला ते जास्त तिचं वाटलं. घर राखणारी माणसं बांधणाऱ्यापेक्षा वेगळी असतात, आमच्याकडेही हेच होतं.

आता माझी एक खंत. माहितीच्या दालनात नकाशा बघताना लक्षात आलं की मूळ जागी घराचं तोंड नैर्ऋत्येला होतं आणि आता ते ईशान्येला आहे. म्हणजे जवळजवळ पाठमोरं. नव्या जागेत दर्शनी दार १४१व्या रस्त्याकडे यावं म्हणून असं केलंय. मूळ दिशा राखली असती तर रस्त्यावरून येणाऱ्याला घराची पाठ दिसली असती. त्या वेळी काही जणांनी यावर जोरदार आक्षेपही घेतला होता. मी व्हरांड्यात उभा राहून फोनमधलं होकायंत्र काढलं आणि खात्री करून घेतली.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. आमची आई नव्या गावठाणातल्या घरात तीस वर्षं राहिली. खांब तेच, तुळया त्याच, उंबरासुद्धा तोच. पण प्लॉट असा मिळाला की दार मावळतीला आलं. जुन्या घरी पहाटे दार उघडलं की ऊन थेट ओटीवरून माजघरापर्यंत यायचं. तुळशीला पाणी घालताना ती सूर्य समोर बघायची. नव्या घरी ती रोज सकाळी घराला वळसा घालून मागे जायची आणि तिथून नमस्कार करायची. तक्रार तिने फारशी कधी केली नाही. पण कुणी म्हणालं की 'बरं झालं हो, घर तेच राहिलं', की ती गप्प बसायची. मॅककॉम्बने या घराच्या खिडक्या, आरसे, व्हरांडे हे सगळं उन्हाच्या आणि नद्यांच्या हिशेबाने मांडलेलं होतं. दिशा फिरली की खोलीतलं ऊन फिरतं. दुपारी जी खोली उजळायची ती आता सकाळी उजळते. लाकूड तेच, दिवस वेगळा. म्हणून त्यांनी चुकलं असं मी म्हणणार नाही. चर्च आणि चाळीच्या मध्ये चेपून उन्हाशिवाय राहण्यापेक्षा पाठमोरं का होईना, मोकळं उभं राहणं शंभर पटींनी बरं. पण दालनातल्या नकाशावर ही गोष्ट नजरेत भरेल अशी लिहिलेली असावी असं मला मनापासून वाटतं. घर हलवलं तर काय काय हलतं, हे पोरांना कळायला हवं.

बाहेर पडल्यावर थेट स्टेशनकडे उतरू नका. आणखी थोडं वर, कॉन्व्हेंट अव्हेन्यूपर्यंत जा. सेंट ल्यूक चर्च तिथेच आहे, आणि त्याच्यापुढे हॅमिल्टनचा पुतळाही. घर गेलं, पुतळा तिथेच राहिला. ज्या दगडी ओसरीवरून घर काढलं ती नीट बघून घ्या. तिच्या खाली उभं राहून मान वर केली, तेव्हा ४० फूट म्हणजे किती हे मला पहिल्यांदा अंगात कळलं. नातीलाही कळलं असावं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आणि खाली कुणी उभं होतं का?" मी म्हटलं, काम करणारी माणसं असतातच बाळा, तीच तर असतात.

लहान मुलांना न्यायचं तर दहा वर्षांच्या पुढच्यांना न्या, त्याहून लहान पोरं कंटाळतील. आत खाण्यापिण्याची सोय धरू नका. बाहेर बागेत बाकं आहेत, आम्ही घरून नेलेला डबा तिथेच खाल्ला. इतिहासाची आवड असलेल्यांनी अभ्यासिकेपाशी थांबावं. बांधकामातल्या मंडळींनी सगळा वेळ खालच्या फोटोंपाशी घालवला तरी चालेल.

रात्री गावी दादाला फोन केला, सगळं सांगितलं. विचारलं, आपल्या घराची खाचा मारलेली लाकडं आहेत का कुठे अजून. नव्या घराचंही आता स्लॅबचं घर झालंय, मला वाटलं सगळं विकलं गेलं. दादा म्हणाला, "थांब, सकाळी बघून सांगतो." दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो आला. गोठ्याच्या आढ्याखालची तुळई, धुराने काळी पडलेली, आणि टोकाला एकाखाली एक तीन खाचा. तिसरा खण. म्हणजे माजघरावरची. मी तो फोटो मोठा करून मुलीला दाखवला आणि ऊन कुठून यायचं ते बोटाने दाखवलं.